मोटारीच्या वेग-संवेदकातील दोष आणि त्याचे निदान

मोटार चालविणाऱ्याच्या नजरेसमोर जी उपकरणे असतात, त्यांत वेगमापक हे सर्वांत परिचयाचे होय. त्याची सुई कोणत्या माहितीच्या आधारे हालते, हा प्रश्न मात्र ती निश्चल होईपर्यंत सहसा कोणाच्या मनात येत नाही. मग वाहन कार्यशाळेत नेले जाते, वेगाची वार्ता देणारा संवेदक बिघडला असावा असा तर्क केला जातो आणि नवा संवेदक बसविला जातो. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. परंतु नवा संवेदक बसवूनही सुई जागची हालत नाही, किंवा दोन दिवस चालून पुन्हा बंद पडते, असाही अनुभव विरळा नाही. अशा वेळी संवेदकाची किंमत तर वाया जातेच, शिवाय खरा दोष जेथल्या तेथे राहतो.

हे नुकसान केवळ पैशाचे नसते. आधुनिक मोटारीत वेगाची माहिती सुईपुरती मर्यादित राहिलेली नाही. एंजिनाला किती इंधन द्यावे, स्वयंचलित गिअरपेटीने गिअर केव्हा बदलावा, सुकाणूचक्राला विजेचे साहाय्य किती मिळावे, हे सारे निर्णय काही अंशी तिच्यावर अवलंबून असतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची सूचना देणारी योजना सक्तीची झाली. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा ओलांडली की ती चालकाला इशारा देते आणि ताशी १२० किलोमीटरच्या पुढे इशारा अखंड चालू राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११८ अन्वये मालवाहू व प्रवासी वाहतुकीच्या अनेक वाहनांना वेगनियंत्रक बसवावा लागतो. तोही याच माहितीवर चालतो. संवेदकाची वार्ता खोटी ठरली, तर या सर्वांचे निर्णय चुकतात. म्हणून तिच्यातील दोष कसा शोधावा, हे पद्धतशीरपणे समजून घेणे उपयुक्त आहे.

१. वेग मोजण्याची मूळ कल्पना

वाहनाचा वेग मोजणे म्हणजे अखेर त्याच्या चाकाचे फेरे मोजणे होय. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे १.८८ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका मिनिटात १,००० मीटर अंतर तोडते. म्हणजेच त्याचे चाक तेवढ्या वेळात सुमारे ५३० फेरे घेते. चाकाचे फेरे आणि गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दंडाचे फेरे यांचे प्रमाण ठरलेले असल्याने, दोहोंपैकी कोणतेही मोजले तरी वेग कळतो.

ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचे एकस्व घेतले, त्याची रचना पुढे अनेक दशके जवळजवळ तशीच राहिली. गिअरपेटीतील एका लहान दंतचक्राला लवचिक केबल जोडलेली असे. ती वेगमापकातील चुंबक फिरवी. चुंबकाभोवती असलेल्या धातूच्या वाटीत त्यामुळे आवर्त प्रवाह उत्पन्न होत आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाई. एक नाजूक कमान तिला मागे खेची. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावे, तेथे तिला जोडलेली सुई वेग दाखवी. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींत हीच योजना होती. तिच्यातील दोष ओळखणे अवघड नसे. केबल तुटली की सुई शून्यावर पडे. केबल कोरडी झाली की सुई थरथरू लागे आणि आवाजही येई. कारागीर केबल काढून पाही आणि दोष त्याच्या हातात येई.

एंजिनाचे नियंत्रण विद्युतीय यंत्रणेकडे गेल्यानंतर ही यांत्रिक वार्ता अपुरी पडू लागली. फिरती केबल सुई हालवू शकते, परंतु संगणकाशी बोलू शकत नाही. त्याला विजेच्या स्पंदांची भाषा लागते. म्हणून फिरणाऱ्या दंतचक्राजवळ संवेदक बसविण्यात आला. तो प्रत्येक फेऱ्याबरोबर ठरावीक संख्येने स्पंद पाठवितो. ताशी ६० किलोमीटर वेगाला वेगमापकाच्या दंडाने मिनिटास ६३७ फेरे घ्यावेत, असे एक प्रमाण जपानी मोटारींत रूढ आहे. प्रत्येक फेऱ्यास चार स्पंद देणारा संवेदक या हिशेबाने एका किलोमीटरमध्ये २,५४८ स्पंद पाठवितो. स्पंद मोजले की अंतर कळते. एका सेकंदातील स्पंद मोजले की वेग कळतो.

२. संवेदकाचे दोन प्रमुख प्रकार

तपासाची पद्धत संवेदकाच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे हा भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे.

पहिला प्रकार प्रवर्तनावर आधारलेला आहे. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये जे तत्त्व शोधून काढले, त्याचाच हा एक साधा उपयोग होय. कायम चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याच्या टोकासमोरून लोखंडी दातेरी कडे फिरते. दात जवळ आला व दूर गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब उत्पन्न होतो. या संवेदकाला बाहेरून वीज लागत नाही. त्याला सामान्यतः दोनच तारा असतात. मात्र त्याचा दाब वेगाबरोबर वाढतो व घटतो, त्यामुळे वाहन अगदी सावकाश चालले असता त्याचा आवाज, म्हणावे तर, ऐकू येईनासा होतो. दात आणि संवेदक यांतील फट साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असते. ती वाढली तरी हाच परिणाम होतो.

दुसरा प्रकार हॉल परिणामावर आधारलेला आहे. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकीविज्ञाला १८७९ मध्ये असे आढळले की, प्रवाह वाहणाऱ्या पातळ पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले असता पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युत् दाब उत्पन्न होतो. अर्धसंवाहक पदार्थात हा परिणाम उपयोगात आणता येण्याइतका मोठा असतो. अशा संवेदकाला तीन तारा असतात : एक विजेच्या पुरवठ्याची, दुसरी वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडणारी म्हणजे अर्थिंगची, आणि तिसरी संकेताची. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बहुसंख्य रचनांत संकेताच्या तारेवरील ५ किंवा १२ व्होल्टचा दाब संवेदक देत नाही. तो दाब दुसऱ्या टोकाचे नियंत्रक यंत्र देते. संवेदक केवळ एखाद्या खटक्याप्रमाणे ती तार क्षणभर अर्थिंगला जोडतो आणि पुन्हा मोकळी करतो. त्यामुळे दाब शून्याजवळ उतरतो व पुन्हा वर चढतो. हा चढउतार म्हणजेच स्पंद.

चाकांजवळ बसविलेले संवेदक या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारचे असू शकतात. चाके जखडू न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेला प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्रपणे कळावा लागतो. १९७८ मध्ये बॉश कंपनीने अशी यंत्रणा मर्सिडीझच्या मोटारींत आणली. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तेव्हापासून अनेक मोटारींत गिअरपेटीवर वेगळा संवेदक ठेवण्याचे कारण उरले नाही. चाकांच्या संवेदकांवरून काढलेला वेगच सर्व यंत्रणांना पुरविला जातो. अशा मोटारीत गिअरपेटीवर संवेदक शोधीत बसणे व्यर्थ होय. चाकांच्या आधुनिक संवेदकांपैकी काहींना दोनच तारा असूनही ते वीज घेणारे असतात आणि प्रवाह ७ व १४ मिलिअँपिअर असा बदलून आपला संकेत देतात. केवळ तारा मोजून प्रकार ठरवू नये, हे यावरून दिसून येईल. त्या वाहनाची दुरुस्ती-पुस्तिका हाच येथे विश्वसनीय आधार होय.

३. लक्षणे आणि त्यांचा अन्वय

वेगाची वार्ता थांबली की तिच्या निरनिराळ्या ग्राहकांकडे निरनिराळी लक्षणे दिसतात. सुई शून्यावर राहते आणि अंतरमापकाचे आकडे पुढे सरकत नाहीत. वाहन थांबविताना एंजिन मंद गतीवर स्थिर न राहता बंद पडते. स्वयंचलित गिअरपेटी गचके देऊन गिअर बदलते, किंवा सुरक्षिततेसाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. सुकाणूचक्र एरवीपेक्षा जड किंवा हलके लागते. एंजिनाचा अथवा ब्रेक-यंत्रणेचा सूचक दिवा पेटतो.

ही लक्षणे नुसती मोजण्यापेक्षा कोणती एकत्र आली आणि कोणती आली नाहीत, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. सुई बंद आहे, परंतु तपासणी-यंत्र जोडले असता एंजिन-नियंत्रकाला वेग बरोबर कळत असल्याचे दिसते. अशा वेळी संवेदक निर्दोष समजावा आणि दोष वेगमापकात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत शोधावा. उलट सुई नीट चालते, पण नियंत्रकाला वेग कळत नाही. येथे दोष नियंत्रकाकडे जाणाऱ्या फाट्यात असतो. सर्वच ग्राहकांना वेग कळत नसेल, तरच संवेदक, त्याला फिरविणारे दंतचक्र, पुरवठा आणि अर्थिंग या सर्वांना समाईक असलेल्या गोष्टींकडे वळावे. एका नळावर पाणी येत नसेल तर त्या नळाकडे पाहावे, घरातील सर्वच नळ कोरडे असतील तर टाकीकडे जावे, असाच हा साधा विचार आहे.

४. दोषसंकेत म्हणजे निकाल नव्हे

आजच्या वाहनांत स्वयंनिदानाची व्यवस्था असते. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ती एकाच प्रमाणित स्वरूपात बंधनकारक झाली. भारतात २०१० नंतर ती टप्प्याटप्प्याने आली. तपासणी-यंत्र जोडताच नोंदलेले दोषसंकेत वाचता येतात. पी ०५०० हा संकेत वेग-संवेदकाच्या मंडलात बिघाड असल्याचे सांगतो. पी ०५०१ माहिती अपेक्षित मर्यादेत नसल्याचे, पी ०५०२ संकेत क्षीण असल्याचे, तर पी ०५०३ तो अधूनमधून तुटत किंवा अनियमित येत असल्याचे दर्शवितो.

येथेच सर्वांत मोठी चूक घडते. संकेतात संवेदकाचे नाव आले म्हणून संवेदकच बिघडला, असे गृहीत धरले जाते. नियंत्रकाला संवेदक दिसत नाही. त्याला फक्त तारेच्या आपल्या टोकावर काय येते तेवढे कळते. एंजिन वेगाने फिरत आहे, त्याच्यावर भार आहे, म्हणजे वाहन चालत असले पाहिजे, आणि तरीही ठरावीक काळ एकही स्पंद आला नाही, एवढ्यावरून तो संकेत नोंदवितो. हे एक अनुमान आहे. स्पंद संवेदकाने पाठविला नाही, की वाटेत हरवला, हे त्याला ठरविता येत नाही. ते ठरविणे हेच निदान करणाऱ्याचे काम होय.

संकेत पुसून टाकण्यापूर्वी तो नोंदला गेला त्या क्षणीची एंजिनाची गती, तापमान, भार इत्यादी माहिती नियंत्रकाने जतन केलेली असल्यास ती लिहून घ्यावी. एंजिन तापल्यावरच दोष येतो की थंड असताना, एवढे जरी तिच्यावरून कळले तरी शोधाचे क्षेत्र बरेच आवळले जाते.

५. तपासाचा क्रम

तपास सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे जावा, हा सर्वसाधारण नियम आहे.

आरंभ चालकाच्या जबाबाने करावा. दोष केव्हापासून आहे, सतत आहे की अधूनमधून, पावसात किंवा वाहन धुतल्यानंतर वाढतो काय, आणि त्यापूर्वी कोणती दुरुस्ती झाली होती, हे प्रश्न अवश्य विचारावेत. क्लचच्या कामासाठी गिअरपेटी उतरविली गेली असेल, तर संवेदकाच्या तारा व अर्थिंगचा बोल्ट यांना तेव्हा हात लागलेला असतो.

यानंतर डोळ्यांनी पाहणी करावी. प्रथम फ्यूज पाहावा. मग संवेदकाचा कपलर सोडवून त्यातील पिना पाहाव्यात. पाणी शिरल्याने त्यांवर हिरवट कळंक चढला आहे काय, एखादी पिन मागे सरकली आहे काय, गिअरपेटीतील तेल झिरपून कपलरात आले आहे काय, हे तपासावे. तारा उंदरांनी कुरतडल्या असण्याचा संभव भारतात मुळीच दुर्लक्षण्याजोगा नाही. शेवटी संवेदक काढून त्याचे टोक पाहावे. चुंबक असल्यामुळे धातूचा बारीक कीस त्याच्या टोकाला चिकटतो व संकेत दुबळा होतो. संवेदकाला लहान नायलॉनचे दंतचक्र असेल, तर त्याचे दात झिजले किंवा तुटले आहेत काय, तेही पाहावे. ते फिरतच नसेल, तर निर्दोष संवेदकही मुका राहणार.

तिसरी पायरी मापनाची. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. तीन तारांच्या संवेदकाचा कपलर सोडवून आणि चावी फिरवून वाहनाच्या बाजूच्या पिनांवर पाहावे. पुरवठ्याच्या पिनेवर पुस्तिकेत सांगितलेला दाब, बहुधा बॅटरीइतका किंवा ५ व्होल्ट, मिळाला पाहिजे. संकेताच्या पिनेवर नियंत्रकाकडून येणारा दाब मिळाला पाहिजे. तो नसेल तर दोष तारेत किंवा नियंत्रकात आहे आणि संवेदकाचा त्याच्याशी संबंध नाही. अर्थिंगची परीक्षा मात्र कपलर जोडलेला ठेवून, पिनेच्या मागील बाजूने स्पर्श करून करावी. चालू मंडलात अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब ०.१ व्होल्टहून कमी असावा. तो अधिक असल्यास त्या वाटेत कोठे तरी अडथळा आहे.

दोन तारांच्या प्रवर्तनी संवेदकाच्या वेटोळ्याचा रोध मोजता येतो. तो वाहनागणिक बदलतो. काही शे ओहमपासून दोन-अडीच हजार ओहमपर्यंतचे आकडे सामान्यतः आढळतात. रोध अनंत असेल तर वेटोळे तुटले आहे. जवळजवळ शून्य असेल तर वेटोळ्यात किंवा तारेत आखूड जोड झाला आहे. हॉल संवेदकाचा रोध मात्र मोजू नये. त्याच्या आत अर्धसंवाहक मंडल असल्याने मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नसतो आणि मीटरच्या प्रवाहाने नाजूक मंडलाला इजा पोहोचू शकते.

चौथी पायरी म्हणजे फिरवून पाहणे. चालक-चाके जमिनीवरून उचलावीत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. वाहनाखाली भक्कम घोड्या लावाव्यात आणि उरलेल्या चाकांना ठोकळे द्यावेत. गिअर मोकळा ठेवून चाक हाताने सावकाश फिरविले असता हॉल संवेदकाच्या संकेताच्या तारेवरील दाब शून्याजवळ जाऊन पुन्हा पूर्ववत होताना दिसला पाहिजे. प्रवर्तनी संवेदकासाठी मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवावा. चाक जोराने फिरविल्यास थोडासा दाब दिसतो व वेगाबरोबर वाढतो. वाहन चालू असताना हॉल संवेदकाचा संकेत मोजल्यास मल्टिमीटर चढ व उतार यांची सरासरी दाखवितो. ५ व्होल्टच्या मंडलात तो सुमारे अडीच व्होल्ट दाखवील. हा दोष समजू नये. स्पंद नियमित येत असल्याची ती खूण आहे.

हॉल संवेदकाच्या बाबतीत आणखी एक निर्णायक परीक्षा आहे. संवेदक सोडवून, पुस्तिकेवरून रचनेची खात्री करून, वाहनाच्या बाजूची संकेताची पिन सुमारे एक हजार ओहमच्या रोधकातून अर्थिंगला वारंवार स्पर्शून काढावी. वर दिलेल्या हिशेबाने सेकंदाला एक स्पंद म्हणजे ताशी सुमारे १.४ किलोमीटर वेग होतो. हाताने सेकंदाला पाच वेळा स्पर्श झाला, तर तपासणी-यंत्रावर ताशी सातच्या आसपास वेग उमटावयास हवा. तो उमटला, तर तार आणि नियंत्रक दोन्ही निर्दोष ठरतात आणि उरलेला संशय योग्य कारणाने संवेदकावर येतो. तो उमटला नाही, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. काही नियंत्रक इतका अल्प वेग दाखवीतच नाहीत. पिवळ्या आवरणातील तारांना या कामी कधीही स्पर्श करू नये. त्या सामान्यतः हवेच्या सुरक्षा-उश्यांच्या असतात.

अधूनमधून येणारा दोष सर्वांत चिवट असतो. त्यासाठी वाहन चालू स्थितीत ठेवून तारा जागोजागी हलवून पाहाव्यात. काही संवेदक थंड असताना नीट चालतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तापले की गप्प होतात. केस वाळविण्याच्या यंत्राने संवेदकाला सौम्य ऊब देऊन हा दोष कार्यशाळेतच प्रकट करता येतो. दोलनदर्शक उपलब्ध असेल तर काम फार सुकर होते. पडद्यावर प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी एक स्पंद कमी दिसला, तर दातेरी कड्याचा एक दात तुटला आहे. स्पंद वाटेल तेथे गळत असतील, तर जोड सैल आहे. पहिल्या प्रसंगी संवेदक बदलून काहीही साध्य होणार नाही.

६. एक उदाहरण

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी एका भाड्याच्या मोटारीची कल्पना करू. तिच्या वेगमापकाची सुई चालता चालता एकाएकी शून्यावर येते आणि थोड्या वेळाने पुन्हा वर चढते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे अधिक घडते. पी ०५०३ हा संकेत नोंदला गेला आहे. दोन वेळा नवा संवेदक बसवून झाला आहे. चालकाचे तीन दिवसांचे उत्पन्न बुडाले आहे, आणि तुटक अंतरनोंदीमुळे त्यानेच तारेशी काही खटपट केली असावी, असा मालकाला संशय आहे.

सुई आणि नियंत्रक दोघांनाही एकाच वेळी वेग कळेनासा होतो, असे तपासणी-यंत्र दाखविते. म्हणजे दोष समाईक भागात आहे. कपलर सोडवून पुरवठा व अर्थिंग या पिनांमध्ये मोजले असता १२ व्होल्टहून थोडा अधिक दाब मिळतो. येथपर्यंत सर्व ठीक वाटते, आणि यापूर्वी तपास बहुधा येथेच थांबलेला असतो. परंतु मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही, म्हणून वाटेतील अडथळा त्याला जाणवत नाही. त्याच दोन पिनांना मोटारीतला एक लहान दिवा जोडला असता तो पेटत नाही. कपलर जोडून, संवेदक काम करीत असताना अर्थिंगच्या पिनेवर मोजले, तर तेथे शून्याऐवजी सुमारे ३ व्होल्ट आढळतात. संवेदक १५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ओहमच्या नियमाने त्या वाटेत २०० ओहमचा रोध आहे, असा याचा अर्थ होतो. आता संवेदकाने संकेताची तार खाली ओढली, तरी ती ३ व्होल्टच्या खाली जाऊ शकत नाही. स्पंद ५ आणि ० यांच्याऐवजी ५ आणि ३ व्होल्ट यांच्यामध्ये घुटमळतो आणि नियंत्रकाला तो स्पंद म्हणून ओळखताच येत नाही.

अर्थिंगची तार धरून मागे गेले असता ती गिअरपेटीवरील एका बोल्टापाशी पोहोचते. महिन्यापूर्वी क्लचच्या पट्ट्या बदलताना हा बोल्ट सोडविला गेला होता. नंतर तो गंजलेल्या पृष्ठावर अर्धवट आवळला गेला. खड्ड्यांतील हादऱ्याने संपर्क सुटे आणि पुन्हा जुळे. पृष्ठ घासून स्वच्छ करून बोल्ट नीट आवळताच अर्थिंगच्या पिनेवरील दाब ०.०३ व्होल्टवर येतो, दिवा लख्ख पेटतो आणि सुई स्थिर होते. दोन संवेदकांच्या खर्चाऐवजी काचकागदाचा एक तुकडा पुरला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका निरपराध माणसावरील संशय एका आकड्याने दूर झाला.

७. संवेदकावर येणारा खोटा आळ

काही दोषांची जबाबदारी विनाकारण संवेदकावर टाकली जाते. वेगमापक सर्व वेगांना एकाच प्रमाणात कमी किंवा अधिक दाखवीत असेल, तर संवेदक बिघडल्याचा संभव फार थोडा असतो. स्पंद एक तर येतात किंवा येत नाहीत. ते सर्वत्र शेकडा पाचने कमी येत नाहीत. अशी प्रमाणबद्ध चूक बहुधा चाकाच्या आकारातून येते. टायर मूळ मापापेक्षा व्यासाने पाच टक्के मोठा बसविला, तर तेवढ्याच अंतराला चाकाचे फेरे कमी होतात आणि वेग सुमारे पाच टक्क्यांनी कमी दिसतो. बदललेल्या संवेदकाच्या दंतचक्राला वेगळ्या संख्येने दात असले, तरीही हेच घडते.

वेगमापक खऱ्या वेगापेक्षा किंचित अधिक दाखवितो, हाही दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-विनियमानुसार दर्शविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा. अधिक असल्यास तो खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत असावा. खरा वेग ताशी ८० असताना सुई ९२ पर्यंत दाखवू शकते. भ्रमणध्वनीवरील उपग्रहाधारित वेगाशी तुलना करताना हे विसरू नये. असे साधन हाताशी नसल्यास महामार्गावरील किलोमीटरचे दगड उपयोगी पडतात. स्थिर ताशी ६० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जाण्यास नेमके ६० सेकंद लागतात. वेळ मोजण्याचे काम अर्थातच शेजारच्या प्रवाशाने करावे.

८. दुरुस्तीनंतर

संवेदक खरोखरच सदोष ठरला, तर तो बदलणे सोपे असते. जुन्याशी नव्याची लांबी, पिना आणि असल्यास दंतचक्राचे दात ताडून पाहावेत. ओ-रिंग नवी घालून तिला तेलाचे बोट लावावे, म्हणजे ती फाटत नाही आणि तेल गळत नाही. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळू नये. प्लॅस्टिकचे घर तडकते. दोषसंकेत पुसावा आणि ज्या परिस्थितीत दोष येत असे, त्याच परिस्थितीत वाहन चालवून पाहावे. संकेत पुसला गेला म्हणजे दोष गेला, असे नव्हे. तो पुन्हा नोंदला जात नाही, एवढाच पुरावा ग्राह्य होय.

तपासात कधी कधी असेही आढळते की संवेदक बिघडलेला नसून मुद्दाम सोडविलेला आहे. अंतरमापकाचे आकडे थांबवून वाहन कमी चाललेले भासवावे, किंवा वेगनियंत्रकाला आंधळे करावे, हा त्यामागचा हेतू असतो. अशा वाहनात ब्रेक व इंधन यांच्या यंत्रणांनाही अपुऱ्या माहितीवर काम करावे लागते, आणि अवजड वाहनाच्या बाबतीत रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी खेळ होतो. कारागिराने जोडणी पूर्ववत करून तशी लेखी नोंद मालकाला द्यावी.

वेग-संवेदक हे बोटभर लांबीचे एक स्वस्त उपकरण आहे, आणि म्हणूनच विचार न करता ते बदलून टाकण्याचा मोह होतो. त्याच्यापर्यंत जाणारी वीज, त्याच्याकडून निघणारा संकेत, त्याला फिरविणारे चक्र आणि त्याचे ऐकणारे यंत्र या चौघांची साक्ष काढल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये. ही साक्ष काढण्यास अर्धा तास आणि एक मल्टिमीटर पुरेसा होतो. रस्त्यावर चालणारे वाहन कोणाचे तरी पोट चालवीत असते आणि कोणाचा तरी जीव सांभाळीत असते, हे ध्यानात घेतल्यास तो अर्धा तास अधिक वाटू नये.